आवाज साफ करताना



चौथीच्या मुलांकडून ‘आमचं गाव पुणतांबा’ ही पाच मिनिटांची ध्वनिफीत करून घ्यायचं ठरवलं. गोदावरीचा घाट, चांगदेव महाराजांची समाधी, शिर्डीकडे जाणारा रेल्वेचा फाटा आणि २०१७ च्या १ जूनला इथून सुरू झालेला शेतकरी संप, असे विषय मुलांनीच वाटून घेतले. रेकॉर्डिंग माझ्या मोबाईलवर, वर्गातच केलं.

घरी ऐकलं तर पंख्याची घरघर मुलांपेक्षा मोठी! मग लॅपटॉपवर ऑडॅसिटी टाकलं. २००० सालापासून फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, आपल्या कामाला भरपूर होतं. पहिलीच अडचण म्हणजे मोबाईलची एम-फोर-ए फाईल उघडेना. विंडोजवर त्यासाठी एफएफएमपेग वेगळं टाकावं लागतं. तुमचंही इथेच अडेल, म्हणून सांगून ठेवते.

घरघर काढायची युक्ती सोपी आहे. कुणी बोलत नाही असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा निवडायचा, नॉइज रिडक्शनमध्ये जाऊन ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबायचं. म्हणजे सॉफ्टवेअरला कळतं की कचरा कोणता. मग सगळं रेकॉर्डिंग निवडून तेच परत उघडायचं आणि ओके. आधीपासून जेवढे डेसिबल असतात, तेवढेच ठेवा. मी हावरटपणा करून ३० केलं, तर पोरं पाण्याखालून बोलल्यासारखी वाटायला लागली. म्हणून आता रेकॉर्डिंग सुरू केलं की पाच सेकंद सगळ्यांना गप्प बसवते. (चौथीच्या वर्गात हेच सगळ्यात अवघड!)

संगीत दुसऱ्या ट्रॅकवर ठेवलं. बोलणं सुरू झालं की ते इतकं हळू करायचं की आहे की नाही असं वाटावं, सुरुवातीला फेड इन, शेवटी फेड आउट. आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नका. रेकॉर्डिंग करतानाच फाटलेला आवाज नंतर धड दुरुस्त होत नाही.

आता खरं सांगायचं ते. संपाचा भाग ज्या मुलाने घेतला, तो बोलताना अडखळतो. ‘प’वर तर फारच. आणि वाक्य नेमकं ‘पुणतांब्यातून’ने सुरू होणारं. ऑडॅसिटीत आवाज लाटांसारखा दिसतो, त्यामुळे त्याचा प्रत्येक ‘पु… पु…’ मला वेगळा दिसत होता. मी एकेक निवडला आणि डिलीट केला. मधल्या शांत जागाही कापल्या. अर्ध्या तासात त्याचं वाक्य इतकं सरळ झालं की मीच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला ऐकवलं. टाळ्या पडल्या. मधल्या सुट्टीत तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “मॅडम, ते मी नाही ना बोललो?”

मला काय बोलावं सुचेना. “तूच रे,” म्हटलं. तो मान हलवून गेला. त्याचे वडील त्या संपात होते, म्हणून त्याने तो भाग हट्टाने मागून घेतला होता.

नशीब, मूळ फाईल वेगळी जपून ठेवली होती. (तुम्हीही आधी कॉपी करा, मग कात्री चालवा.) शनिवारी शाळा सुटल्यावर त्याला लॅपटॉपसमोर बसवलं. त्याला त्याचा आवाज लाटांत दाखवला, माऊस हातात दिला आणि म्हटलं, तुला काय नको ते तू काढ. त्याने बराच वेळ ऐकलं. तिसऱ्या ओळीतला एक खोकला काढला. मग एके ठिकाणी थांबून म्हणाला, “इथं गाडीची शिट्टी आलीय, ती राहू द्या. गाव आपलंच वाटतं.”

‘पु’ला त्याने हात लावला नाही. पालकसभेत तीच फाईल लावली. त्याचे वडील मागच्या बाकावर होते. संपूर्ण वाक्य होईपर्यंत ते पुढे वाकून ऐकत होते.