खाचेवरची चिकटपट्टी

माझी सगळी नोकरी कचेरीच्या अभिलेखकक्षात गेली. खारव्याच्या रुमालांत बांधलेली बाडे, त्यांच्या फेरिस्ता, आणि दर कागदाच्या माथ्यावर लिहिलेले ‘अ’, ‘ब’, ‘क’ किंवा ‘ड’ हे अक्षर, एवढ्याच परिघात मी तीस वर्षे वावरलो. ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा जपायचा, ‘ब’ वर्गाचा तीस वर्षे ठेवायचा आणि ‘ड’ वर्गाचा वर्षअखेर नाशनास काढायचा, असा तेथला दंडक. आणि जागेची टंचाई, वाळवी व पावसाळ्यातली गळती ज्याने पाहिली आहे, तो या दंडकाला निष्ठुर म्हणणार नाही. तथापि कागदाचा वर्ग ठरवणाऱ्या माणसाची दृष्टी त्या क्षणी त्याच्या स्वतःच्या काळापलीकडे जात नाही, हे मला दप्तराने नव्हे, तर जुन्या दूरचित्रवाणी मालिकांनी शिकवले.

जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्याच्या माडीवर आज चारशेहून अधिक कॅसेटी आहेत. केबल आली आणि गल्लोगल्लीच्या व्हिडिओ लायब्रऱ्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा त्यांचा माल किलोवर निघाला, त्यातल्या काही. काही आखातातून परतलेल्या शेजाऱ्यांनी दिल्या. आणि पुष्कळशा गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात, गंजलेल्या कुलपांच्या आणि बिनजोडीच्या कपबशांच्या शेजारी, मला सापडल्या. एकाच वाहिनीच्या त्या दिवसांतही जग आमच्या माजघरात येत होतेच: जर्मनांचा ‘ओल्ड फॉक्स’ हा वयस्क, धिम्या चालीचा पोलीस अधिकारी आमच्या घरात अगदी परिचयाचा झाला होता, आणि ‘टेलिमॅच’मधल्या परक्या गावांच्या चुरशीत आम्ही पोरे बाजू घेऊन भांडत असू. ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली आणि १५६ भाग चालली. अशोककुमारांचे समारोपाचे चार शब्द ऐकल्याशिवाय घरातले कोणी उठत नसे. त्या मालिकेची कल्पना मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांच्या लोकशिक्षणपर मालिकांवरून घेतलेली होती, हे मला फार उशिरा समजले. ‘ओशिन’ ही जपानी मालिका तर मी एकही शब्द न कळता पाहिली. १९८३-८४ साली प्रक्षेपित झालेल्या तिच्या २९७ भागांपैकी माझ्यापाशी जेमतेम वीस आहेत. परंतु तांदळाच्या मोबदल्यात चाकरीला धाडलेली ती चिमुरडी तराफ्यावरून नदीतून दूर जाऊ लागते, तेव्हा भाषेची उणीव मला कधी भासली नाही.

या छंदात पडल्यावर जगभरच्या दप्तरखान्यांची हकीकत हळूहळू कानी आली. बीबीसीने साठीच्या दशकातल्या आपल्या मालिकांच्या दोन इंची चुंबकीय फिती पुसून पुन्हा वापरल्या. फीत महाग होती, कलावंतांच्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर बंधने होती, आणि रंगीत चित्र आल्यावर कृष्णधवल कार्यक्रमाला गिऱ्हाईक उरले नव्हते. थोडक्यात, कोणा कारकुनाने त्यांच्यावर ‘ड’ लिहिले. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे कितीतरी भाग अशा रीतीने गेले. परंतु परदेशांत विक्रीसाठी सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर नकला काढलेल्या होत्या, त्या एका देशातून दुसऱ्या देशात फिरत राहिल्या, आणि २०१३ साली नऊ हरवलेले भाग नायजेरियातल्या जोस या गावी सापडल्याचे जाहीर झाले. मालकाच्या घरी जे पुसले गेले, ते परक्याच्या फडताळात धूळ खात का होईना, शाबूत राहिले. याहून मला हेलावणारी गोष्ट आहे ती ध्वनीची: त्या मालिकेचे जे भाग चित्ररूपाने आज कोठेही नाहीत, त्या सर्वांचा आवाज तेवढा उपलब्ध आहे, कारण त्या काळी काही प्रेक्षकांनी, बहुतेक शाळकरी मुलांनीच, घरच्या टेपरेकॉर्डरवर तो उतरवून घेतला होता. मराठी वाचकाला येथे ‘लीळाचरित्रा’चे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. म्हाइंभटांची मूळ पोथी धामधुमीत नाहीशी झाली आणि महानुभावांनी ती परस्परांच्या स्मरणातून पुन्हा लिहून काढली. पाठभेद झाले, पण ग्रंथ वाचला.

आणि नाशिककराने जोसपर्यंत जाण्याचे तरी कारण काय? त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी आपला चित्रपटाचा कारखाना याच नगरीत आणला आणि १९४४ साली येथेच देह ठेवला. त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे आज जे थोडे अवशेष आहेत, ते १९१३ सालचे की १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या प्रतीचे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून अशा फिती गोळा केल्या. फाळक्यांच्या कन्येने, मंदाकिनीने, ज्यात कृष्णाचे काम केले त्या ‘कालिया मर्दन’चे विस्कळित तुकडे जुळवण्याचे श्रेय त्यांचेच. फाळक्यांच्या गावात राहून फितींचा लोभ जडला याचे मला नवल वाटत नाही.

हा लोभ पावसाळ्यात कसोटीला लागतो. आषाढ-श्रावणात माडीच्या भिंती ओल धरतात आणि कॅसेटीच्या खिडकीतून पाहिले तर गुंडाळीच्या कडेवर ज्वारीच्या पिठासारखी पांढरी बुरशी दिसू लागते. तशी कॅसेट चुकूनही यंत्रात घालू नये. हेड खराब होते, आणि त्यामागून येणारी प्रत्येक चांगली कॅसेट नासते. पाठीवरचे पाच स्क्रू काढून, झाकण उचलून, फीत हाताने एका चक्रीवरून दुसरीवर घेत, जुन्या मलमलीच्या तुकड्याच्या घडीत हलकेच धरून पुसावी लागते. तीन तासांच्या कॅसेटीला अख्खी दुपार जाते. हेड साफ करतानाही कोऱ्या कागदाला स्पिरिट लावून तो ड्रमला टेकवून ठेवायचा आणि ड्रम बोटाने गोल फिरवायचा. कागद खालीवर घासला तर हेड तुटते. एवढे करून यंत्र सुरू केले की पडद्यावर प्रथम मुंग्या, मग तळाशी थरथरणारी पांढरी रेघ, आणि ट्रॅकिंगची कळ जुळता जुळता एकाएकी चेहरे स्थिर होतात.

पुसणाऱ्यांवर मी रोष धरत नाही, कारण मी स्वतः पुसले आहे. १९८८ च्या अखेरीस श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ रविवारी लागू लागली. आमचे अण्णा शाळामास्तर होते, नुकतेच निवृत्त झाले होते. ते वही-पेन्सिल घेऊन समोर बसत आणि यंत्राची कळही स्वतःच दाबत. नसीरुद्दीन शहांनी शिवाजीमहाराज साकारले ती कॅसेट संपल्यावर त्यांनी तिच्या कडेची टिकली स्वहस्ते मोडली. ती मोडली की तिच्यावर पुन्हा मुद्रण होत नाही. १९९० च्या वैशाखात पुतण्याची मुंज झाली आणि चित्रणाची नक्कल घ्यायला कोरी कॅसेट घरात नव्हती. मी ती उचलली, मोडलेल्या टिकलीच्या खाचेवर चिकटपट्टी लावली, आणि कॅसेट देऊन टाकली. अण्णांना कळले तेव्हा ते काही बोलले नाहीत. वही मिटून उठले.

‘भारत एक खोज’चे ५३ भाग आज सहज पाहायला मिळतात, पूर्वीपेक्षा स्वच्छ मिळतात, आणि त्याबद्दल ते जपणाऱ्यांचा मी ऋणी आहे. पण तेथे फक्त मालिका आहे. तिच्या मागेपुढे असणारी निवेदिका, साबणाच्या जाहिराती, मध्येच लागणारी व्यत्ययाची पाटी, म्हणजे ज्या रविवारी ती मालिका आम्ही पाहिली तो रविवार, कोणत्याही संग्रहालयाच्या फेरिस्तीत नाही. तो फक्त घरी उतरवलेल्या कॅसेटीवर असतो, आणि म्हणून मी आता छापील वेष्टनातल्या कॅसेटींपेक्षा कोणाच्या तरी हस्ताक्षरातली चिठ्ठी चिकटवलेल्या कॅसेटी आधी घेतो.

गेल्या पावसाळ्यात बुरशी काढण्यासाठी मुंजीची कॅसेट उघडली. खाचेवरची पट्टी पिवळी पडली होती, कडांना धूळ धरली होती. पुसून झाल्यावर, फीत शेवटपर्यंत सरळ चालते का एवढेच पाहण्यासाठी, मी ती यंत्रात घातली. भिक्षावळ झाली, पंगती उठल्या, मांडव रिकामा झाला. दोन तास चाळीस मिनिटांनी चित्र एकदा फाटले, आणि मागून अचानक वनराज भाटियांच्या संगीतातले वैदिक सूक्त ऐकू आले. मुंज कॅसेटीहून आखूड होती. भागाच्या शेवटची श्रेयनामावली शिल्लक होती, तिच्यामागून धुलाईच्या पावडरीची जाहिरात, मग निवेदिका. ती पुढच्या कार्यक्रमाचे नाव सांगू लागते आणि अर्ध्या नावावर फीत थांबते, कारण अण्णांनी तेथे कळ दाबली होती. त्यांना देवळात जायला उशीर होत असे.

मी ती पट्टी सोलून काढली आणि खाच उघडी ठेवली आहे.