इच्छा की गरज?

आमची १६ वर्षांची मांजर मूत्रपिंडाच्या विकाराने खंगत चालली आहे. एक दिवसाआड तिच्या मानेमागची सैल कातडी उचलून आम्ही त्वचेखाली सलाइन देतो. सुई माझ्या हाती, धरणारी मुलगी. इथले, लंडनचे, पशुवैद्य आता इंजेक्शनने निरोप द्या म्हणतात. रोज पंचशील म्हणणाऱ्या घरात हा प्रश्न सोपा नाही. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेब मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद करतात. पण गरज कोणाची? तिच्या वेदनेची, की आमच्या थकव्याची? अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः न्हाऊ घातले होते, हे मुलगी मला ऐकवते. काल मांजरीने माशाचे पाणी चाटले. दिवस अजून ठरवलेला नाही.