साठी उलटलेला माड

माडाचा विमा निघतो. नारळ विकास मंडळाच्या योजनेत त्यासाठी माडाचं वय 4 ते 60 वर्षं धरलं. पंधरा वर्षांपर्यंतचं झाड गेलं तर 900 रुपये, त्यापुढचं गेलं तर 1,750. साठी उलटली की झाड योजनेबाहेर. आजोबांनी लावलेला माड अजून नारळ देत असतो, पण कागदावर त्याला किंमत उरत नाही.

विमा चालतो तो दोन गोष्टींवर: पैसे अनेकांनी भरायचे आणि संकट थोड्यांवर यायचं, शिवाय गेलेली वस्तू पैशानं परत उभी राहायला हवी. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा यातलं काहीच उरलं नाही. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. ज्या शेजाऱ्याकडे हात पसरायचा, त्याचीही वाडी भुईसपाट.

आणि वाडी म्हणजे नुसती झाडं नव्हेत. वर माड, त्याच्या सावलीला पोफळी, पोफळीवर चढलेला मिरवेल, खाली ओलाव्यात जायफळ. एकाच्या आधारानं दुसरं वाढतं. वरची सावली गेली की वादळातून वाचलेल्या पोफळीही उन्हानं करपतात. बीपासून वाढवलेलं जायफळ तर फुलावर येईपर्यंत, सहा-सात वर्षं, नर की मादी हेसुद्धा सांगत नाही. तोवर शिंपणं करत राहायचं, विश्वासावर. या वर्षांचा हप्ता कोण ठरवणार? एका हंगामाच्या पिकाचा विमा काढता येतो, पण तीन पिढ्यांनी एकमेकांच्या हाती दिलेल्या सावलीचा निघत नाही. पैसे आज मिळाले तरी ती वर्षं विकत कुठून आणायची?

वादळानंतर सरकारी मदत आली: माडाला 250 रुपये, पोफळीला 50. पन्नास रुपयांत पडलेलं खोड कापून बाहेर काढण्याची मजुरीही सुटत नाही. मदत नको असं कोण म्हणेल? पण भरपाई हा शब्द इथे वापरू नये, असं मला मनापासून वाटतं.

पुढचं वादळ येईल आणि पंचनाम्याला माणसं पुन्हा वाडीत उतरतील. त्यांच्याकडे एकच मागणं आहे. झाडं मोजाल तेव्हा प्रत्येकाचं वय विचारा, आणि साठीच्या पुढचं असलं तरी ते लिहून घ्या.