दीड स्क्वेअर एमएमची वायर

ओहमचा नियम मी दहावीत पाठ केला. कळला मात्र तेलगावात, ट्रॅक्टरशेजारी उकिडवं बसून.

गोष्ट २००७ची. मामाचा फोटो स्टुडिओ, आणि भारनियमन तर रोजचंच. दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. तेलगावला साखर कारखाना आहे, तरीही. त्या संध्याकाळी टोळीतला एकजण आला. "मुकादमाची गाडी भरायलीय. म्हातारीला चालता येईना. वस्तीवर येऊन फोटो काढा. परत येऊस्तोवर काय सांगावं!"

मामानं माझ्याकडं पाहिलं. मी इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे घरातला एडिसनच!

१००० वॅटचा हॅलोजन १२ व्होल्टवर चालवायचा तर ८० अँपिअरच्या वर करंट लागतो. विषय संपला. स्टुडिओ फ्लॅशचं तसं नसतं. त्यातला कपॅसिटर दोनेक सेकंद ऊर्जा साठवतो आणि पापणी लवायच्या आत सोडून देतो. ३०० ज्यूल दोन सेकंदांत म्हणजे सरासरी १५० वॅट, सुरुवातीला बरेच जास्त. सुट्टीत हे टेबलावर करून पाहिलेलं. पण स्टुडिओची बॅटरी त्या दिवशी लाइट नसल्यानं उतरलेली. वस्तीवर ट्रॅक्टर आहे म्हणाले, मग इन्व्हर्टर घेऊन निघालो.

ट्रॅक्टर घरापासून लांब उभा. त्याच्या बॅटरीपासून दीड स्क्वेअर एमएमची पाच मीटर वायर ओढून इन्व्हर्टर अंगणात ठेवला. फ्लॅश चार्ज व्हायला लागला की इन्व्हर्टर 'पीं' करून बंद! तीनदा. रस्त्यावर ट्रकचा हॉर्न. म्हातारी ठेवणीतलं लुगडं नेसून खाटेवर ताठ बसलेली. मामा काहीच बोलत नव्हता, ते जास्त लागलं.

मग ट्यूब पेटली. जाऊन-येऊन दहा मीटर तार, ०.१२ ओहम. २५ अँपिअरला तीन व्होल्ट वायरीतच खलास! इन्व्हर्टरला उरतात नऊ, आणि तो साडेदहाला बंद होतो. इन्व्हर्टर उचलून ट्रॅक्टरपाशी नेला, त्याच्याच जाड, आखूड वायरीनं बॅटरीला लावला. तीच बारीक वायर आता २३० व्होल्टच्या बाजूला, फ्लॅशपर्यंत. तिथं करंट दीड अँपिअरही नाही. (जोड नुसत्या टेपनं गुंडाळला होता. कुणी करू नये.)

फ्लॅश उडाला. पहिल्या फोटोत म्हातारीचे डोळे मिटले. दुसऱ्यात उघडे आहेत, पण ती कॅमेऱ्याकडं बघत नाही, लेकाकडं बघतेय.

चैत्रात टोळी परत आली, तेव्हा लेक एकटाच स्टुडिओत आला. चांगला फोटो मामानं पुढं केला. त्यानं दुसराही मागून घेतला, डोळे मिटलेला.