मंडळीतील कृपादाने

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौलाने ख्रिस्ती मंडळीला शरीराची उपमा दिली आहे. ज्ञान, विश्वास, आजाऱ्यांना बरे करणे, साहाय्य, व्यवस्था अशी नाना कृपादाने एकाच आत्म्याकडून येतात आणि ती सर्वांच्या हितासाठी असतात, हा त्या अध्यायाचा गाभा आहे. दुबळे दिसणारे अवयवच अधिक गरजेचे असतात, असेही पौल तिथे बजावतो. मराठी मंडळ्या घडल्या त्या अशाच दानांमुळे.

अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगरला १८३१ मध्ये सुरू झाले. सुरुवातीच्या उपासनेत भाषांतरित गीते पाश्चात्त्य चालींवर म्हटली जात. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींची पदे आणि कीर्तन मंडळीत रुजवले. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाची परंपरा सोबत आणली. तुकोबांवरचे प्रेम त्यांना ख्रिस्ताकडे येताना सोडावे लागले नाही, आणि त्यातूनच मराठी ख्रिस्ती भक्तीला स्वतःचा आवाज मिळाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. नवऱ्याच्या धर्मांतराचे दुःख सोसून, स्वतः विचार करून त्यांनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या पश्चात अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पूर्ण केले ते त्यांनीच. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणले. त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते छापण्याचे काम तिथल्या स्त्रियांनी केले. समाजाने टाकलेल्या बायकांच्या हातून देवाचे वचन छापले गेले, ही गोष्ट मंडळीने कधी विसरू नये.

ही झाली थोरामोठ्यांची नावे. प्रस्तुत लेखिका नगर जिल्ह्यातील ज्या खेड्यातल्या मंडळीत वाढली, तिथे बहुतेक कुटुंबे कोरडवाहू शेती आणि मजुरी करणारी होती. बुधवारच्या प्रार्थनासभेत एकदा पेरणाऱ्याचा दाखला वाचला गेला. पाळकांनी काटेरी झुडपांचा अर्थ संसाराची चिंता आणि द्रव्याचा मोह असा सांगितला. तो शास्त्रातच दिलेला आहे. त्यावर खुरपणीला जाणाऱ्या एका वयस्कर मावशी म्हणाल्या, “पण पाळकसाहेब, काटे दिसत असताना कोण बी टाकील? पेरतेवेळी रान स्वच्छच दिसतं. कुंद्याची मुळी खाली खोल राहिलेली असती. पाऊस पडला की बियाच्या बरोबरीनं तीबी वर येती.” अंतःकरण स्वच्छ दिसत असतानाही आत काय शिल्लक असते, हे त्या बोलण्याने सगळ्यांना समजले. पाळकांनी वही काढून ते टिपून घेतले आणि रविवारच्या उपदेशात मावशींचा उल्लेख करून सांगितले. सेमिनरीतले शिक्षण आणि खुरप्याचा अनुभव अशा रीतीने एकमेकांना पूरक ठरले. मावशींना अक्षरओळख नव्हती, हे इथे मुद्दाम नोंदवायला हवे.

त्याच मंडळीत एक निवृत्त एस.टी. कंडक्टर दानाचा हिशेब पैशापैशापर्यंत चोख ठेवत. एक भगिनी दुखवट्याच्या घरी पहिली चूल पेटवायला जात आणि फार न बोलता दिवसभर तिथे थांबत. कापणीच्या सणाला ज्यांच्याकडे धान्य नसे ते अंडी, शेवग्याच्या शेंगा, शिवलेली गोधडी आणत आणि लिलावात त्या वस्तूंवरही बोली लागे. तरुण संघातला एक मुलगा सभेत बोलायला बुजे, पण नाताळच्या कंदिलाची चौकट त्याच्याइतकी पक्की कुणी बांधत नसे.

आजच्या मंडळ्यांत माइक, कॉयर आणि उपदेश ही दाने चटकन ओळखली जातात. हिशेब, शुश्रूषा, सोबत, शेतीचे शहाणपण यांना मात्र दान म्हणायचे राहून जाते. याचे एक कारण निवडीच्या पद्धतीत आहे: पाळकसभेवर बहुधा शिकलेले आणि बोलके लोकच येतात. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. अनेक विश्वासणाऱ्यांना, विशेषतः मजुरी करणाऱ्या स्त्रियांना, आपल्याजवळ देण्यासारखे काही आहे असे कुणी कधी सांगितलेलेच नसते. तेव्हा पाळकांनी आणि पाळकसभेच्या सभासदांनी घरभेटीला जाताना प्रार्थनेबरोबर एक प्रश्नही न्यावा: तुम्हाला काय येते? आणि वचनाच्या अभ्यासात मागच्या चटईवर बसणाऱ्यांना आधी बोलू द्यावे.