तळ्यांच्या मुलुखांत

सुट्टी लागली कीं आपल्याकडील बहुतेक कुटुंबें महाबळेश्वर, माथेरान किंवा कोंकणचा किनारा यांपैकीं एखादी वाट धरतात. महाराष्ट्राच्या पूर्व टोंकास तळ्यांनीं भरलेला एक रम्य मुलूख आहे, याची पुष्कळांस वार्ताही नसते. भंडारा जिल्हा आणि १९९९ सालीं त्यांतून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा मिळून हा मुलूख होतो. मार्गशीर्षांत आम्ही लहानथोर मंडळी नागपुराहून मोटारीनें तिकडे गेलों. त्या प्रवासाची ही हकीकत.

भंडाऱ्याजवळ वैनगंगेचा पूल ओलांडल्यावर दुतर्फा धानाच्या बांध्या पसरलेल्या दिसतात. कापणी आटोपलेली असल्यामुळें ठिकठिकाणीं धानाचें पुंजणें रचलेलें होतें. साकोली नागपुराहून सुमारें १०० किलोमीटर. पुढें कोहमाऱ्यास हमरस्ता सोडून दक्षिणेकडे वळलें कीं रान थेट रस्त्यास येऊन भिडतें. एखादें गांव आलें कीं त्याच्या शेजारीं तळें असावयाचेंच. कोठें म्हशी डुंबणारी लहानशी बोडी, तर कोठें कमळांनीं झांकलेला विस्तीर्ण तलाव. मुलांनीं तळीं मोजावयास आरंभ केला आणि थोड्याच वेळांत तो नाद सोडून दिला.

नवेगांवबांधचा जलाशय सुमारें ११ चौरस किलोमीटरांचा. भोंवतीं डोंगरांचें कडें, मध्यें निश्चल पाणी आणि दूर तरंगणारे बदकांचे थवे! तें दृश्य पाहून धाकट्या पुतण्यानें विचारलें, “आजी, हें देवानें केलें कीं माणसांनीं?” आमच्या मातोश्रींनीं क्षणाचाही विलंब न लावतां देवाचें नांव घेतलें. तेथील लोककथा मात्र दोघांसही श्रेय देते. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील नांवाच्या कोहळी गृहस्थानें ही पाळ घातली. दिवसा मजूर माती टाकीत. रात्रीं ते घरीं गेले म्हणजे सात बहिणी नांवाच्या सात शिखरदेवता येऊन काम पुढें नेत. डोंगरावरील कांहीं पिवळट दगड म्हणजे त्यांच्या मातीच्या टोपल्या होत, असें सांगतात. पुढें लोकांनीं कोलू पाटलासच कोलासूर देव मानून त्याचें ठाणें मांडलें. ज्यानें पाणी अडविलें त्यास देवत्व द्यावें, यांत त्या समाजाची कृतज्ञता किती खोल होती तें दिसतें. चांद्याच्या गोंड राजानें कोहळ्यांस काशीहून आणिलें, अशीही परंपरा आहे.

दुसरे दिवशीं सकाळीं वनखात्याची परवानगी व एक वाटाड्या घेऊन आम्ही रानांत शिरलों. १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेलें हें सुमारें १३४ चौरस किलोमीटरांचें रान २०१३ पासून नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पांत मोडतें. साग, बांबू, तेंदू, मोह, आणि मगरीच्या पाठीसारख्या सालीचा ऐन! वनाधिकारी म्हणून येथें राहिलेले मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळें या रानाची ओळख मराठी वाचकांस आहेच. वाटाड्यानें पायानें पाचोळा बाजूस सारला. खालची माती ओलसर होती. डोंगरावरचा पाऊस हा पाचोळा अडवितो, पाणी जमिनींत मुरतें आणि गाळ मागें ठेवून सावकाश तळ्याकडे येतें. रान तुटलें तर ती माती तळ्यांत उतरावयास उशीर लागणार नाहीं.

तथापि नुसत्या रानानें तळें टिकत नाहीं. मालगुजारीच्या काळीं पाळीची डागडुजी गांवचे लोक मिळून करीत. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली व तळीं सरकारकडे गेलीं. जुलमी हक्क गेले हें योग्यच झालें. परंतु त्यांबरोबर ‘हें तळें आमचें’ ही भावनाही ओसरली. पूर्व विदर्भांतील अशा साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तळ्यांपैकीं कित्येक गाळानें भरलीं आणि बेशरम नांवाच्या परदेशी झुडुपानें त्यांचे काठ व्यापले. आनंदाची गोष्ट ही कीं, अर्जुनी मोरगांवच्या बाजूस मासेमारीवर जगणाऱ्या ढीवर समाजाच्या स्त्रीपुरुषांनीं कांहीं तळ्यांतील बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लाविल्या. माशांस आसरा मिळाला कीं घरच्या चुलीसही आधार मिळतो, हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

घरांतील वडीलधाऱ्यांनीं एकदां तरी मुलांस या मुलुखांत न्यावें. सारस, चितळ दिसले तर उत्तमच. पण तळ्याच्या पाळीवरूनही त्यांस सावकाश चालवावें आणि पायाखालची ही माती कोणीं वाहिली, तें सांगावें. आपल्या गांवची विहीर किंवा ओढा कोण राखतो, हा प्रश्न मुलें परततांना आपण होऊन विचारतील. त्याचें उत्तर वडिलांनीं तयार ठेवावें.