पाच घासांचं कोल्हापूर

तांबडा-पांढरा रस्सा, झणझणीत मिसळ, म्हशीचं फेसाळ दूध आणि जेमतेम केळ्याएवढं पोट! वेट लॉस सर्जरीनंतरच्या पहिल्यावहिल्या कोल्हापूर ट्रिपची ही गोष्ट.

कोल्हापूरला जायचं आणि कमी जेवायचं, हे म्हणजे लग्नाला जाऊन नवरा-नवरीला न भेटताच परत यायचं. लोक माफ करत नाहीत. माझी सख्खी आत्या तिथे मंगळवार पेठेत राहते. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे गेले, की दोन-तीन किलो वाढवूनच मी पुण्याला परतायचे. ‘खाल्लेलं अंगाला लागतंय पोरीच्या,’ म्हणून ती खूश!

या वेळी मात्र स्वारगेटला बसमध्ये चढतानाच पोटात गोळा आला होता. त्याच पोटात, ज्याचा पाऊण हिस्सा आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी काढून टाकला होता. आणि आत्याला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

थोडा फ्लॅशबॅक

वजन ११८ किलो, उंची पाच फूट चार इंच, बीएमआय ४४. शुगर बॉर्डर ओलांडून गेलेली, रात्री झोपेत श्वास अडकायचा. कीटो झालं, सूप डाएट झालं, जिमची वर्षाची फी भरून तीन आठवडे जाणंही झालं. वजन उतरायचं आणि व्याजासकट परत यायचं. माझे बाबा बावन्नाव्या वर्षी हार्ट अ‍ॅटॅकने गेले. त्यांनाही शुगर होती. एका रात्री त्यांची जुनी फाइल काढून माझ्या रिपोर्टशेजारी ठेवली आणि मग मला झोप लागली नाही.

माझं ऑपरेशन म्हणजे ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’. जठर दुर्बिणीतून उभं कापतात, मोठा भाग काढून टाकतात आणि मागे उरते केळ्याच्या आकाराची एक नळी. सुरुवातीला तिच्यात शे-दीडशे मिली मावतं. म्हणजे कटिंग चहापेक्षा थोडंसंच जास्त. काढलेल्या भागात ‘घ्रेलिन’ हे भुकेचं हार्मोन मोठ्या प्रमाणावर तयार होतं, त्यामुळे पहिले काही महिने भूक अशी लागतच नाही. आधी नुसतं पाणी आणि गाळलेलं सूप, मग ताक-दूध, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ भात-वरण. अठ्ठाविसाव्या वर्षी मी पुन्हा एकदा बाळाची तरुणी झाले, दोन महिन्यांत!

नियम साधे आहेत, पाळणं अवघड. आधी प्रोटीन, मग बाकीचं. प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. सोडा, कोला बंद. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी व्हिटॅमिन यांच्या गोळ्या आणि ठराविक काळाने ब्लड टेस्ट, आयुष्यभर. चौथ्या महिन्यात केस मुठीमुठीने गळले. लोक याला शॉर्टकट म्हणतात. म्हणू देत. आठ महिन्यांत मी ८४ किलोंवर आले होते.

मिसळ आणि वेटर

शुक्रवारी रात्री अकराला पोहोचले. आत्याने दार उघडलं, दोन मिनिटं नुसती बघत राहिली आणि म्हणाली, ‘वाळलीस की गं!’ मी म्हटलं, ‘जिम लावलंय.’ पहिली थाप. ‘बसमध्ये खाल्लंय,’ ही दुसरी.

शनिवारी सकाळी आतेभावाने उद्यमनगरात फडतरेंच्या मिसळीला नेलं. इथली गर्दी, टेबलासाठीचं वेटिंग, तो वास, सगळं जसंच्या तसं. पुण्याची मिसळ पोह्यांवर रेलते, कोल्हापूरची कटावर. सोबत लादी पाव नाही, स्लाइस ब्रेड. पूर्वी मी सहा स्लाइस आणि तीनदा कट मागवायचे. आता ब्रेड आत जाऊन फुगतो आणि गळ्याखाली विटेसारखा बसतो. म्हणून मी चमच्याने खालची मोडाची मटकी शोधून काढली, त्यावर दोन चमचे दही आणि चवीपुरता कट. मटकीत प्रोटीन आहे, म्हणजे मिसळ अगदीच शत्रू नाही. पाच चमच्यांत पोट ‘बास’ म्हणालं.

पण चव तीच होती, किंबहुना जास्त कळली! पहिल्यांदाच मी मिसळ गिळली नाही, चावली. वेटरला मात्र माझी भरलेली प्लेट सहन होईना. ‘काय ताई, आवडली न्हाई?’ त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख होतं. आतेभावाने प्लेट स्वतःकडे ओढली आणि प्रश्न मिटवला.

तिथून गंगावेशीत. इथला दुधाचा कट्टा तुम्ही पाहिला नसेल, तर जरूर पाहा. म्हैस समोर उभी, धार समोर काढली जाते आणि फेसाळ ग्लास थेट हातात. याच गंगावेशीत नावाजलेली तालीम आहे. दूध, बदाम, तूप, मटण हा पैलवानाचा खुराक आणि खुराकावरून माणूस मोजणारं हे शहर. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचं मैदान बांधलं, तेव्हापासून ‘खातो किती?’ हा इथे चौकशीचा प्रश्न आहे, टोमणा नाही. न उकळलेलं दूध माझ्या डायटिशियनच्या यादीत बसत नाही, म्हणून मी फक्त बघत उभी राहिले. एक आजोबा म्हणाले, ‘घ्या की, लाजताय काय?’

बाथरूमचं दार

दुपारी खरी परीक्षा. आत्या पहाटे उठली होती. ‘तू येणार म्हणून वाटण पाट्यावर केलोय,’ ती म्हणाली. कोल्हापुरात बायकाही ‘केलो, आलो, जातो’ म्हणतात. ते ऐकलं की मला घरी आल्यासारखं वाटतं. ताटात सुकं मटण, बाजरीची भाकरी, वाटीत तांबडा, वाटीत पांढरा.

आता गंमत बघा. मटण प्रोटीन, म्हणजे आधी ते. पण रस्सा पातळ, तो जेवणासोबत चालत नाही. आणि पांढरा रस्सा तर गरमच प्यायचा असतो. मटणाचं पाणी, नारळाचं दूध, काजू, खसखस. थंड झाला की त्याची साय धरते. मी आधी अर्धी वाटी पांढरा हळूहळू प्यायले. नंतर अर्धा तास थांबायचं होतं. फोनचं निमित्त काढून गॅलरीत गेले. परत आले तर ताटात दुप्पट मटण.

‘एवढं आत्यासाठी.’

‘एवढं मामांसाठी.’ मामा म्हणजे आत्याचे यजमान.

‘आणि एक तुझ्या बाबाच्या नावानं.’

त्या शेवटच्या वाक्यावर काय बोलणार? मी घास घेतला, मोठा, आणि घाईत गिळला. दोन मिनिटांत छातीच्या मधोमध कोणी बुक्की ठेवल्यासारखं झालं. तोंडात लाळ सुटली, घाम फुटला. उठून बाथरूममध्ये पळाले. अडकलेला घास वर येईपर्यंत जी काही दहा मिनिटं जातात, ती या सर्जरीच्या ब्रोशरमध्ये नसतात.

दाराबाहेर आत्या उभी होती. ‘दिवस गेलेत का गं?’ तिने अगदी हळू विचारलं. मला हसू आलं आणि रडूही. तिथेच, ओल्या फरशीवर बसून मी सगळं सांगितलं.

ती चिडेल असं वाटलं होतं. ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘पोट कापून घेतलीस, आणि मला सांगितली न्हाईस.’ तिला टोचलं होतं ते ऑपरेशन नव्हे, ती थाप. आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, ‘दादाला शुगर हाय म्हणून वैनी सांगायची. मी ऐकलो न्हाई. दर खेपेला वाढतच गेलो. मायेनं वाढलो गं.’

‘माहितीये आत्या.’

बाबा आत्याच्या जेवणाने गेले नाहीत, हे मला कळतं, तिलाही कळत असेल. पण ते वाक्य तिच्या मनात इतकी वर्षं होतं आणि मी तिला दोन दिवस थापा मारणार होते.

भूक डोक्यातली

संध्याकाळी खासबागेजवळ राजाभाऊंच्या भेळेशी आलो. इथे एक कबुली द्यायची आहे. सर्जरी पोटाची होते, डोक्याची नाही. पोट भरलेलं असताना मला ती भेळ हवी होती, अगदी रडू येईल इतकी. ऑफिसमधलं टेन्शन, ब्रेकअप, बाबा, प्रत्येक गोष्टीवर मी वर्षानुवर्षं काहीतरी कुरकुरीत खाल्लं होतं. ते औषध डॉक्टरांनी एका सकाळी बंद केलं, आणि दुखणं तसंच राहिलं.

विचित्र गंमत म्हणजे ज्या मटणात प्रोटीन आहे ते अडकतं आणि भेळ, चिवडा, वेफर्स मात्र सरसर उतरतात. पोट भरल्याची जाणीवच होत नाही. सर्जरीनंतर काही वर्षांनी वजन परत येतं ते बऱ्याचदा अशा येता-जाता खाण्यातून. मी दोन चमचे भेळ खाल्ली आणि पुडा आतेभावाला दिला. त्याने विचारलं, ‘हल्ली ते इंजेक्शन निघालंय, ते का नाही घेतलंस?’ भारतात ही नवी इंजेक्शनं २०२५ मध्ये बाजारात आली आणि तेव्हापासून हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा येतो. कोणाला औषध, कोणाला ऑपरेशन, हे रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतात. शिस्त दोन्हीकडे लागते. मग आम्ही रंकाळ्याला एक लांब चक्कर मारली. पूर्वी अर्ध्यात बसायला बाक शोधायचे. या वेळी आतेभाऊ म्हणाला, ‘जरा थांब की!’

रविवारी अंबाबाईचं दर्शन घेऊन आले तर माझं पान वाढलेलं होतं. चटणीच्या वाटीत खिमा, नीट शिजवून मऊ केलेला. बाजूला पापडाएवढी भाकरी. पाण्याचा तांब्या आत्याने आधीच उचलून ठेवला होता. ती समोर बसली, घड्याळ बघत. माझा एक घास, तिचा एक घास. मामा वैतागले, ‘आज जेवण हाय का परीक्षा?’ पाच घास झाले. तिचा हात सवयीने पातेल्याकडे गेला आणि मधेच थांबला. मला ते थांबणं दिसलं. मीच म्हटलं, ‘सहावा वाढ.’

तिने चमच्याच्या टोकावर मावेल एवढाच वाढला.

कोल्हापूरला जाताय?

सर्जरी झालेल्यांसाठी (आणि न झालेल्यांसाठीही!) काही टिप्स:

• यजमानांना आधीच सांगा. थाप मारलीत तर ताट वाढतं.

• मिसळ घेतलीत तर मटकी आणि दही आधी, ब्रेड शेवटी किंवा नाहीच. कट चवीपुरता.

• सुक्या मटणापेक्षा खिमा सोपा. पांढरा रस्सा जेवणाच्या अर्धा तास आधी, थोडाच.

• आइस्क्रीम घातलेलं इथलं ‘कॉकटेल’ फेमस आहे, पण साखर भसकन गेली की धडधड, घाम, मळमळ होऊ शकते. एक चमचा चाखा, ग्लास मित्राला द्या.

• गोळ्यांचा डबा पर्समध्ये, बॅगेत नाही. बॅग डिकीत जाते.

• घास अडकून दुखणं थांबत नसेल किंवा उलट्या होतच राहिल्या तर घरगुती उपाय नकोत, सरळ डॉक्टरांना फोन.

• प्लेट संपवणारा एक आतेभाऊ सोबत ठेवा. माझा उसना मिळेल.